पिवळ्या गुलाबाची सासू

रुख्मिणीबाईला कोणी तोंडावर म्हणलं असतं का बाई, तुला झाडातलं काय कळतं, तर तिनं त्याला हिंगोलीच्या भर बाजारात उभं सोललं असतं. अशी बाई. तांड्यावर जन्मली, रानात वाढली. कापूस येचला, तूर सोंगली, म्हशीच्या मागं पायात काटे मोडून घेतले. तिला झाड लावायचं शिकवायचं म्हणजे मासोळीला पोहणं शिकवायचं.

आन् तरी तिच्या हातानं एक गुलाब मरायला टेकला व्हता. काहून टेकला ते समजायला तिची टोपली समजून घ्यावी लागती.

वारंगा फाट्यावरून आत गेलं की तिचा तांडा. तिथं श्रावणात बिनलग्नाच्या पोरी तीज बसवत्यात. टोपलीत वारुळाची माती भरायची, बकरीच्या लेंड्या चुरून टाकायच्या, गहू पेरायचे. टोपल्या नायकाच्या घरी सावलीत झाकून ठेवायच्या आन् पोरींनी गाणे म्हणत, नाचत, घडी घडी पाणी घालायचं. ऊन न्हाई लागलं का गव्हाचे कोंब हळदीवानी पिवळे निघत्यात. जिची तीज उंच आन् पिवळीधमक, ती पोरगी हातगुणाची, भाग्याची. रुख्मिणीची टोपली दरसाली सगळ्यात भारी निघायची. बायका तिच्या आईला म्हणायच्या, "हिच्या हातात काय हाये माय, दगडाला पाणी घातलं तरी कोंब यीन."

ते तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

मंग वसरामसंगं लग्न झालं. वसराम ट्रकवर ड्रायव्हर, वारंगा फाट्यावरून माल भरायचा आन् कुठं कुठं जायचा. एकच पोरगं झालं, कुलदीप. त्याच्या शाळेसाठी म्हणून दोघं हिंगोलीला आले, रेल्वेच्या पटरीच्या पलीकडं जागा घेऊन टिनाचं घर टाकलं. पुढं अंगण म्हणजे एवढंसं, खाट टाकली तर माणसानं आडवं होऊन निघावं. पण अंगणाच्या फाटकापाशी एक उन्हाचा तुकडा पडायचा. तिथं रुख्मिणीबाई मिरच्या वाळवायची.

हिंगोली जिल्हा झाला, सायबांच्या गाड्या वाढल्या, रस्त्यावर नव्या पाट्या लागल्या. त्याच दिवसात कुलदीप एसटीत कंडक्टर लागला. आन् मंग बसमतची रुपा सून म्हणून घरात आली.

रुपा बी गोरमाटीच, बंजाऱ्याचीच पोर, पण बाप लालसिंग शाळेत मास्तर. बसमतला पक्कं घर, पुढं गुलाबाचे वाफे. पोरगी बीए. सासूला "आत्याबाई" म्हणायची, पदर सावरायची, सांगितलं ते करायची. काय सांगितलं तर "हो". काय इचारलं तर "नाही, काही नाही". भांडत न्हाई, रुसत न्हाई, हसत बी न्हाई. रुख्मिणीबाईला हे लई जड जायचं. ती शेजारच्या द्वारकाबाईला म्हणायची, "अगं, सून हाये का सरकारी पाव्हणी? शिवी दिली तरी 'हो' म्हणंल असं वाटून राहिलं."

"चांगलंय की. माझी तर तवा फेकून मारती," द्वारकाबाई म्हणाली.

"तवा फेकती म्हणजे तुझ्या घरात राहायचा तिचा इचार हाये. ही तर पिशवी बांधूनच बसलीय."

खरंच व्हतं ते. रुपानं माहेरून एकच वस्तू अशी आणली का जी पिशवीत न ठेवता जमिनीत लावली. डालड्याच्या डब्यात एक गुलाबाचं रोप. फाटकापाशी, त्याच उन्हाच्या तुकड्यात, तिनं सोता खड्डा केला. मिरच्याचं पोतं सरकवलं. खड्ड्यात मुरूम, वाळू, कुजलेलं शेणखत आन् उगी मूठभर काळी माती. रुख्मिणीबाई दारात उभी राहून बघून राहिली व्हती. मुरमात कुसळ उगवत न्हाई, तिथं गुलाब!

झाड लागलं. आन् काय लागलं! गुडघ्याच्या वर जायचं नाव न्हाई. कुठं फांदी लांबली न्हाई, कोणाचा पदर अडकला न्हाई, जागच्या जागी घट्ट गोल, कोंबडी अंड्यावर बसल्यावानी. आन् फुलं झुपक्यानं. पिवळी, पिकल्या आंब्याच्या रसावानी. पटरीकडं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. अंगण तेवढंच, पण घराला तोंड आलं.

रुख्मिणीबाईनं मनात एक गोष्ट धरली. जी बाई झाड लावती ती राहायला आलेली अस्ती.

मंग रुपाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. जायच्या आदल्या दिवशी कुलदीप चहा पिता पिता आईला म्हणाला, "याडी, रुपाला इथं करमत न्हाई. तिचे बापू म्हणून राहिले, बसमत डेपोला बदली माग. वरची खोली रिकामी हाये."

"माग की. मी काय तुझ्या गाडीम्होरं आडवी पडली?" रुख्मिणीबाई म्हणाली. आन् चुलीतलं लाकूड इतकं जोरात आत सारलं का चहाचं भांडं कलंडलं.

दुसऱ्या दिवशी रुपा निघाली. पिशव्या, पाण्याची बाटली, पोट सांभाळत फाटकापाशी थांबली. झाडाकडं बघितलं. म्हणाली, "आत्याबाई, माझं झाड तेवढं सांभाळा."

बस. एवढंच. कसं सांभाळायचं ते सांगायला एसटी थांबती का? पण रुख्मिणीबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लग्न झाल्यापासून पोरीनं पहिल्यांदा काय तरी मागितलं व्हतं. आन् मागितलं तेबी असं, का ज्याच्यात तिचा हात तांड्यात कोणी धरला न्हाई.

त्याच आठवड्यात तिनं वसरामला हुकूम सोडला. "वारंग्याहून येताना वारुळाची माती आणा. पोतं भरून."

"काहून? या वयात तीज बसवून राहिली का?"

"आणा म्हणलं तर आणा. सुनेचं झाड मुरमात उपाशी मरून राहिलंय."

वसरामनं माती आणली. रुख्मिणीबाईनं ती खोडाला गळ्यापर्यंत चढवली. लेंड्या चुरून टाकल्या. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पाणी. आभाळ गळत असलं तरी पाणी. आन् मंग तिच्या डोक्यात असं आलं का फूल पिवळं पाहिजे तर ऊन काहून? पिवळं तर सावलीत होतं. आपला जुना फेटिया काढला, आरशाचा, घेरदार घागरा. चार काड्या रोवून झाडावर त्याचा मांडव घातला. येणारे-जाणारे बघायचे, गुलाब घागरा घालून बसलाय. तिला फिकीर न्हाई. पाणी घालताना तीजचं गाणं गुणगुणायची.

आन् झालं बी तसंच. पानं पिवळी पडली.

आता कोणी बी घाबरलं असतं. रुख्मिणीबाई खूश! द्वारकाबाई कुंपणावरून ओरडली, "अवो, झाड मरून राहिलं तुमचं!"

"तुला काय कळतं? रंग धरून राहिलं."

"पानं झडून राहिलेत!"

"जुनी झडली तरच नवी येत्यात. तुझी कोथिंबीर बघ आदी."

पण पोळ्यापर्यंत झाडावर पान राहिलं न्हाई. काड्या वरून काळ्या पडत आल्या. एका सकाळी तिनं फेटिया उचलला आन् तशीच खाली बसली. काडी मोडून बघितली. आत हिरवं न्हाई, नुसतं तपकिरी. तिनं दुसरी मोडली. तिसरी मोडायची हिंमत झाली न्हाई.

तव्हापासून ती उठता बसता फाटकाकडं बघायला लागली. झाड गेलं म्हणून न्हाई नुसतं. तिला दिसून राहिलं व्हतं, रुपा लेकराला घेऊन फाटकात यीन, खड्डा बघंल, आन् 'हो आत्याबाई, काही हरकत नाही' म्हणंल. आन् पंधरवड्यात बसमतची खोली झाडून निघंल. पोरगं गेलं, सून गेली, ज्याचं तोंड बी बघितलं न्हाई ते नातवंड गेलं. टिनाच्या घरात ही आन् वसराम. आन् वसराम बी महिन्यातले निम्मे दिवस रोडवर.

गणपती बसले आन् चमत्कार झाला. मातीतून एक कोंब वर आला. हिरवागार, बोटाएवढा जाड. बघता बघता गुडघ्याला, मंग मांडीला, मंग कंबरेला. रुख्मिणीबाईनं द्वारकाबाईला हाताला धरून आणलं. "बघ! म्हणली व्हती ना!"

द्वारकाबाईनं कोंब वरून खाली बघितला. "लई माजलाय. पण बाई, याच्यावर कळी कुठंय?"

"यीन. घाई काय?"

रुपाला पोरगी झाली. वसराम, कुलदीप आन् रुख्मिणीबाई बसमतला गेले. बाजेवर रुपा, कुशीत लाल तोंडाचं गाठोडं. रुख्मिणीबाईनं पोरीला हातात घेतलं, नाकापासून नखापर्यंत बघितलं. म्हणाली, "माझं नाक हाये. वाईट झालं, पण माझं हाये." रुपाची आई हसली. रुपा बी हसली, जरा. आन् मंग तिनं इचारलं, "झाड कसं आहे आत्याबाई?"

"लई वाढलं!" रुख्मिणीबाई फुशारली. "कंबरेला लागलं माझ्या."

रुपाचं हसू गेलं. "कंबरेला?"

"व्हय. आणखी वाढून राहिलं."

"ते झाड कंबरेला जातच नाही, आत्याबाई. त्याची जातच बुटकी आहे." रुपा कोपरावर उठून बसली. "पानं कशी आहेत? बारीक, लांबट? काटे कमी? कळी नाही ना?"

रुख्मिणीबाई लेकराचं दुपटं नीट करायला लागली.

"माती चढवली का खोडाला?"

"थोडीशी."

"किती?"

रुख्मिणीबाईनं लेकराला रुपाच्या आईच्या मांडीवर दिलं आन् आपल्या हातानं दाखवलं. लपवून काय करायचं, वसराम बाजूलाच व्हता आन् पोतं त्यानंच वाहिलं व्हतं.

रुपानं डोळे मिटले. मंग शाळेत सांगावं तसं सांगितलं. खालचं मूळ जंगली गुलाबाचं अस्तं, त्याला खुंट म्हणत्यात. त्याच्यावर पिवळ्याचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कलम करून भरलेला अस्तो. भरला तिथं गाठ. गाठ मातीखाली गेली, वरून पाणी सोडलं, तर पिवळं सडतं आन् जंगली फुटून वर येतं. "तुम्ही आता वाढवलंय ते माझं झाड नाही. घरी गेलात की माती उकरा, गाठ दिसेपर्यंत. गाठीच्या खालून जे आलंय ते ओढून काढा. कापू नका, ओढा, नाहीतर परत फुटतं. गाठीच्या वर काही जिवंत असलं तर असलं."

"आन् नसलं तर?"

रुपानं भिंतीकडं तोंड करून पोरीला पाजायला घेतलं.

परत येताना एसटीत कुलदीप खिडकीतून बघत म्हणाला, "बदलीचं दिवाळीनंतर बघतो." रुख्मिणीबाईनं पदर तोंडावर ओढला. ऊन लागून राहिलं म्हणाली. ऊन दुसऱ्या बाजूला व्हतं.

घरी आल्या आल्या तिनं लुगडं खोचलं आन् हातानं माती उकरायला बसली. वारुळाची माती ओली, चिकट, पिठाच्या गोळ्यावानी. खाली गेली तशी गाठ लागली. म्हाताऱ्या बोटाच्या सांध्यावानी फुगलेली. वर सगळ्या काळ्या काड्या. आन् तो माजलेला हिरवा कोंब गाठीच्या बराबर खालून निघालेला. रुपा म्हणाली तस्साच.

वसराम तंबाखू मळत मागं उभा. "राहू दे की," म्हणाला. "एवढंच तर हिरवं हाये. हे उपटलं तर खड्डा राहीन. पोरगी यीन तव्हा दारात काय तरी दिसलं तर पाहिजे."

"हे तिचं न्हाई."

"तिला काय इतकं कळून राहिलं?"

"तिला कळतं. तीच तर गोम हाये." रुख्मिणीबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आपण तिला दुसऱ्याचं लेकरू दाखवून म्हणायचं का, घे, तुझंच हाये?"

वसरामनं तंबाखू तोंडात टाकली.

तिनं कोंबाला दोन्ही हातानं धरलं. किती दिवस त्याला पाणी घातलं व्हतं, त्याच्यासंगं बोलली व्हती. तीजच्या पोरी शेवटच्या दिवशी टोपल्या नदीत सोडताना रडत्यात, पण ते रडणं सणाचं. हे वेगळं व्हतं. तिनं पाय रोवले आन् ओढला. पहिल्यांदा नुसता हात सोलला. दुसऱ्यांदा कट्कन आवाज झाला आन् ती मागं बसकण मारून पडली, हातात हिरवी काठी, तळहातात रक्त. द्वारकाबाई कुंपणावरून बघत व्हती.

मंग सगळ्यात अवघड काम आलं. काहीच न करायचं.

काळ्या काड्या कापल्या. माती काढून जुना मुरूम परत घातला. ऊन लागू दिलं. आन् पाणी घालायचं न्हाई, माती बोटभर सुकल्याबिगर. रुख्मिणीबाईसारख्या बाईला याच्यापेक्षा उपास सोपा. तांब्या उचलायची, फाटकापर्यंत जायची, बोट मातीत घालायची, ओलं लागलं का तांब्या तसाच परत. एकदा तर रागानं ते पाणी द्वारकाबाईच्या कोथिंबिरीला फेकून आली.

दसरा गेला. गाठ तशीच, मुकी.

दिवाळीच्या आदी एका सकाळी ती झाडायला वाकली आन् गाठीच्या वरच्या अंगाला तिला लाल मुंगी बसलेली दिसली. फुंकर मारली. मुंगी हलली न्हाई. बोट लावलं. मुंगी न्हाईच. डोळा व्हता. वरून, बराबर वरून.

तिनं ओरडायला तोंड उघडलं आन् परत मिटलं. कोणाला सांगितलं न्हाई. वसरामला बी न्हाई. नजर लागंल म्हणून असंल, न्हाई तर मागच्या बारीला लई आदी मिरवलं म्हणून असंल.

थंडी पडल्यावर रुपा आली. कुलदीपच्या हातात पिशव्या, रुपाच्या खांद्यावर पोरगी. फाटकात शिरली आन् थांबली. वीतभर झाड. तांबूस कोवळी पानं, आन् टोकाला एक कळी, मुगाएवढी.

रुपा म्हणाली, "नवीन आणलं का? कुठल्या नर्सरीतून?"

रुख्मिणीबाईचा पारा चढला. "नवीन? नवीन आणायचं असतं तर वाणसामानासंगं आणलं असतं! ये इकडं. बस खाली. ही गाठ बघ. हे काळे खुंटे बघ, मी कापले. हे इथं बघ, उपटलेलं. आन् हा हात बघ माझा!"

रुपा खाली बसली. गाठीवर बोट फिरवलं. काळे खुंटे बघितले, बाजूचा सोललेला वण बघितला. लई वेळ बघितलं. मंग सासूच्या हाताकडं बघितलं. आन् एकदम म्हणाली, "खुंटे असे ठेवतात का? तिरपे कापायचे असतात! पाणी साचून परत सडलं असतं!"

"तू सांगितलं व्हतं का तिरपे?"

"हे काय सांगायचं असतं?"

"मंग काय मला सपनात पडतं? तुझा बाप मास्तर, माझा न्हाई!"

"बापूंना मध्ये आणू नका, आत्याबाई! तीन वेळा पाणी घालायला बापूंनी सांगितलं होतं का? आन् घागरा! झाडाला घागरा घातला होता म्हणे! सगळ्या बसमतला माहीत झालंय!"

"कोणी सांगितलं?"

दोघींनी एकदमच वळून वसरामकडं बघितलं. वसराम चप्पल घालून चौकात निघून गेला.

द्वारकाबाईच्या घरातून तिची सून पळत बाहेर आली, काय झालं म्हणून. द्वारकाबाईनं तिला हातानं थांबवलं. "राहू दे. त्यांचं आता चालू झालं."

जेवताना कुलदीपनं इषय काढला. "बापूंना बदलीचं काय सांगू?"

रुपा भाकरी मोडत व्हती. "आत्ता कुठं फुटून राहिलंय ते," ती म्हणाली. "आत्ता उकरून नेलं तर मरंल. बापूंना सांगा, सध्या नाही."

रुख्मिणीबाईनं तिच्या ताटात न इचारता तूप वाढलं. रुपा "बस, बस" म्हणली तरी वाढलं.

चार दिवसांनी कळी बोराएवढी झाली. रुपा अंगोळ करून आली, खाली वाकली आन् नखात कळी धरली.

"ए! काय करून राहिली?"

"खुडते. पहिली कळी खुडली की खालून फांद्या फुटतात. झाड गोल होतं. तशीच ठेवली तर एकट्या काडीवर सगळा जोर जातो."

"हात काढ."

"आत्याबाई, झाडासाठीच..."

"हात काढ म्हणली ना! तू म्हणलीस उपट, उपटलं. तू म्हणलीस पाणी नको घालू, जीव मुठीत धरून बसली. सगळं तुझं ऐकलं. ही कळी मी खुडू देणार न्हाई. झाड वाकडं होऊ दे, नागडं होऊ दे. पुढच्या सगळ्या कळ्या तू खुड, बरणी भरून खुड. ही न्हाई."

रुपा तशीच वाकून राहिली, नख कळीला लावून. मंग हात मागं घेतला. "बरं," म्हणाली. "पण झाड लांबोळं झालं तर मला बोलायचं नाही."

"बोलणार. तोंड कशाला दिलंय?"

कळी फुगली, फुटली. एका सकाळी फाटकापाशी पिकल्या आंब्याच्या रंगाचं एक फूल उभं राहिलं, त्या वीतभर काडीला न झेपणारं. रुख्मिणीबाई पोरीला मांडीवर घेऊन तिथंच उन्हात बसली.

द्वारकाबाई पूजेचं ताट घेऊन चालली व्हती. थांबली. "बाई, देवाला देता का तेवढं?"

"मला काय इचारती? तिचं झाड हाये. तिला इचार."

द्वारकाबाईनं दारातून आवाज दिला. "रुपा, फूल घेऊ का गं?"

आतून भाकरी थापता थापता रुपा ओरडली, "मला नका विचारू! फूल त्यांचं आहे, त्यांनाच विचारा!"

द्वारकाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "दोघी मिळून मला येडं करून राहिल्या," म्हणत ती फुलाबिगरच ताट घेऊन मंदिराकडं निघून गेली.